देश बघून ट्रॅफिक अडवायचं असेल तर: नवख्यांसाठी फायरवॉलची मांडणी

सार्वजनिक आयपी पत्ता असलेला सर्व्हर सुरू केला की थोड्याच वेळात त्याच्यावर अनोळखी पत्त्यांवरून धडका सुरू होतात. एसएसएचच्या (दुरून सर्व्हरमध्ये लॉगिन करण्याच्या सोयीच्या) २२ नंबरच्या पोर्टवर, म्हणजे त्या सेवेच्या ठरलेल्या दारावर, ‘रूट’, ‘ॲडमिन’, ‘टेस्ट’ अशा नावांनी पासवर्ड चालवून बघितले जातात. तुमच्याकडे वर्डप्रेस असो वा नसो, त्याचं लॉगिनचं पान शोधलं जातं. लॉगमधले, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीतले, पत्ते कुठल्या देशांचे आहेत हे तपासलं की साहजिकच वाटतं, जिथे आपला एकही वापरकर्ता नाही तिथून येणारं सगळं फायरवॉलमध्ये, म्हणजे ट्रॅफिक गाळणाऱ्या चौकीवर, बंदच का करू नये?

जरूर करावं. फक्त त्यातून काय मिळेल याबद्दल मनात गोंधळ नको. देशानुसार अडवल्यामुळे गोंगाट घटतो, लॉग वाचण्याजोगा होतो, फुकट जाणारा प्रोसेसर आणि बँडविड्थ वाचते. नेम धरून आलेला माणूस मात्र यामुळे थांबत नाही. तो व्हीपीएन घेतो, तुमच्याच देशातला क्लाउड सर्व्हर भाड्याने घेतो किंवा तुमच्याच देशातल्या एखाद्या घरातला संसर्ग झालेला राउटर वापरतो. २०१६ साली पसरलेल्या मिराई या घातक प्रोग्रामने जगभरातले कॅमेरे आणि राउटर असेच कामाला लावले होते. म्हणून एसएसएचला पासवर्ड बंद करून कीने (ओळख पटवणाऱ्या गुप्त फाइलीने) लॉगिन आणि वेळच्या वेळी अपडेट ही दोन कामं आधी उरका. ती झाली नसतील तर हा लेख बाजूला ठेवून आधी ती करा, असंच मी सांगेन.

पत्त्यावरून देश कसा कळतो

पॅकेटमध्ये, म्हणजे नेटवर्कवरून जाणाऱ्या माहितीच्या तुकड्यात, देशाचं नाव कुठेच नसतं, फक्त आयपी पत्ता असतो. पत्त्यांचे मोठे गट आयाना ही व्यवस्था पाच प्रादेशिक नोंदणी संस्थांना देते: आशिया-पॅसिफिकसाठी एपनिक, युरोप, मध्यपूर्व आणि मध्य आशियासाठी राइप, उत्तर अमेरिकेसाठी एरिन, लॅटिन अमेरिकेसाठी लॅकनिक आणि आफ्रिकेसाठी आफ्रिनिक. त्या संस्था पुढे इंटरनेट कंपन्यांना, विद्यापीठांना, क्लाउडवाल्यांना तुकडे देतात आणि कुणाला काय दिलं याची फाइल रोज जाहीर करतात. त्या फाइलमध्ये प्रत्येक गटापुढे दोन अक्षरी देशाचा कोड असतो.

हा कोड पत्ता कुणाच्या नावावर आहे ते सांगतो. तो प्रत्यक्षात कुठे वापरला जातो, हा वेगळा प्रश्न. परदेशात फिरणाऱ्या माणसाच्या मोबाइल नंबरवरून सिम कुठल्या देशाचं ते कळतं, माणूस आत्ता कुठे आहे ते कळत नाही, इथेही तसंच. त्यात आयपीव्ही४ चे, म्हणजे जुन्या पद्धतीचे, पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटी, आणि आयानाकडचा मोकळा साठा फेब्रुवारी २०११ मध्येच संपला. तेव्हापासून पत्त्यांची खरेदी-विक्री वाढली आणि गट एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ लागले. मागच्या वर्षी उतरवून घेतलेली यादी आज चुकते ती यामुळेच. देश हा पत्त्याबद्दलचा अंदाज आहे, एवढं मनात पक्कं असलं की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात.

यादी घ्यायची कुठून? मॅक्समाइंडचा जिओलाइट हा डेटाबेस सर्वांत परिचित. तो फुकट आहे, पण २०१९ च्या अखेरीपासून खातं उघडून लायसन्स की घ्यावी लागते. आयपीडिनायवर देशनिहाय साध्या फाइली मिळतात, एका ओळीत पत्त्यांचा एक गट. नवख्या माणसाला याच सोयीच्या. नोंदणी संस्थांच्या मूळ फाइली वापरणार असाल तर एक खाचखळगा लक्षात घ्या. आयपीव्ही४ च्या ओळीत सुरुवातीच्या पत्त्यापुढचा आकडा ‘एकूण किती पत्ते’ हे सांगतो, आयपीव्ही६ च्या (नव्या, लांब पत्त्यांच्या) ओळीत मात्र त्याच जागी प्रिफिक्सची लांबी (पत्त्याचे सुरुवातीचे किती बिट ठरलेले आहेत तो आकडा) असते. दोन्हींना एकच स्क्रिप्ट लावली तर यादी भलतीच तयार होते.

देशांचे कोड आयएसओ ३१६६ प्रमाणे लिहायचे. ब्रिटनसाठी ‘जीबी’ लागतो, ‘यूके’ चालत नाही. ‘सीएच’ म्हणजे स्वित्झर्लंड आणि ‘सीएन’ म्हणजे चीन. ‘एटी’ ऑस्ट्रिया आणि ‘एयू’ ऑस्ट्रेलिया. घाईत इथेच गफलत होते, आणि भलता देश बंद झाला तरी फायरवॉल कसलीही तक्रार करत नाही.

आधी कागदावर: कुठल्या पोर्टला कुठला नियम

पद्धती दोन. ठरावीक देशांना अडवायचं, बाकी सगळ्यांना येऊ द्यायचं. किंवा ठरावीक देशांनाच येऊ द्यायचं, बाकी सगळ्यांना अडवायचं. अख्ख्या सर्व्हरला एकच पद्धत लावणं मला पटत नाही. प्रत्येक पोर्टचा वापरकर्ता वेगळा असतो, म्हणून निर्णयही पोर्टागणिक घ्यावा.

एसएसएच, डेटाबेस, कंट्रोल पॅनेल अशा फक्त तुम्हीच वापरायच्या पोर्टांना दुसरी पद्धत लावा. तुम्ही एक-दोन देशांतूनच काम करता, तर यादीही तेवढ्याच देशांची लागते. ती लहान असते, आणि चुकली तरी अडचण फक्त तुमची होते. (डेटाबेसचं पोर्ट खरं तर जगाला दिसताच कामा नये. ते फक्त सर्व्हरच्या आतल्या पत्त्यावर ठेवणं कुठल्याही देशाच्या नियमापेक्षा सरस.)

वेबसाइटच्या ८० आणि ४४३ या पोर्टांवर हात आखडता घ्या. तिथे कोण, कधी, कुठून येईल सांगता येत नाही. सुट्टीवर गेलेला ग्राहक, परदेशी सर्व्हरमधून बाहेर पडणारं ऑफिसचं नेटवर्क, शोधयंत्रांचे बॉट, पैसे जमा झाल्याची सूचना देणारा पेमेंट कंपनीचा सर्व्हर, सगळे इथूनच येतात. गूगलबॉट प्रामुख्याने अमेरिकेतल्या पत्त्यांवरून फिरतो. अमेरिका बंद केली तर साइट शोधातून हळूहळू दिसेनाशी होऊ शकते. इथे अडवायचंच असेल तर लॉग बघून, खरोखर त्रास देणारे मोजके देश. अख्ख्या साइटऐवजी फक्त लॉगिनच्या पानाला नियम लावता आला तर फारच उत्तम, पण ते काम वेब सर्व्हरचं. फायरवॉलला पान दिसत नाही, पोर्ट दिसतं.

मेलचं २५ नंबरचं पोर्ट देशानुसार अडवू नका. मोठ्या मेलसेवांचे सर्व्हर अनेक देशांत असतात, आणि हरवलेल्या मेलचा शोध फार उशिरा लागतो.

स्वतःच बाहेर राहू नये म्हणून

हा भाग कुणी वगळू नये. फायरवॉलचा नियम चुकला की सर्वांत आधी बाहेर पडतो तो नियम लिहिणारा.

सर्व्हर देणाऱ्या कंपनीच्या पॅनेलमध्ये कन्सोल असतो, जो नेटवर्कशिवाय थेट मशीनच्या पडद्यावर नेतो. तो आत्ताच उघडून, लॉगिन करून बघा. बऱ्याच जणांना रूटचा पासवर्ड आठवत नाही हे तेव्हाच कळतं.

मग परतीची सोय करा. ‘सिस्टमडी-रन’ या लिनक्सच्या आज्ञेने पाच मिनिटांनी आपलं टेबल (आपल्या नियमांचा गठ्ठा) पुसणारं काम लावून ठेवायचं आणि त्यानंतरच नियम चढवायचे. सगळं नीट असेल तर ते काम रद्द करा. अडकलात तर पाच मिनिटं थांबा, दार आपोआप उघडेल. पुसायचं ते फक्त आपलं टेबल. ‘फ्लश रूलसेट’ लिहिलंत तर डॉकरचे (कंटेनरमध्ये प्रोग्राम चालवणाऱ्या साधनाचे) आणि फेल-टू-बॅनचे (लॉग बघून पत्ते अडवणाऱ्या साधनाचे) नियमही त्याच झटक्यात जातील.

चालू असलेलं एसएसएच सत्र बंद करू नका. चाचणी नेहमी दुसऱ्या टर्मिनलमधून नव्या कनेक्शनने करा, कारण जुनं कनेक्शन चालू राहिलं यावरून नव्या नियमाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. असं का, ते पुढे येतंच आहे.

नियमांची मांडणी

मी इथे एनएफटेबल्स ही लिनक्सची पॅकेट गाळणारी यंत्रणा धरून चालतो. लिनक्स कर्नलमध्ये ती ३.१३ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१४ पासून आहे, आणि आजच्या बहुतेक वितरणांत मुळाशी तीच असते. यूएफडब्ल्यू किंवा फायरवॉलडी (फायरवॉलचे नियम सांभाळणारे प्रोग्राम) वापरत असलात तरी त्यांच्या फाइलींना हात लावायची गरज नाही. आपलं एक वेगळं टेबल करायचं. एका चेनमध्ये (नियमांच्या रांगेत) पॅकेट टाकून दिलं की विषय संपतो, पण एका चेनने ‘येऊ द्या’ म्हटलं तरी त्याच टप्प्यावरच्या पुढच्या चेन त्याची तपासणी करतातच. म्हणजे आपलं टेबल ट्रॅफिक आणखी गाळू शकतं, यूएफडब्ल्यूने बंद ठेवलेलं पोर्ट चुकून उघडू शकत नाही. नवख्यासाठी ही मोठी सुरक्षितता आहे.

टेबल ‘आयनेट’ प्रकारचं करा, म्हणजे आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ दोन्ही त्यातूनच जातील. त्यात देशांच्या पत्त्यांसाठी सेट करायचे: आयपीव्ही४ साठी एक, आयपीव्ही६ साठी वेगळा. दोन्हींवर ‘इंटरव्हल’ हा फ्लॅग हवा, नाहीतर सेट सुटे पत्तेच घेतो, गट घेत नाही. ‘ऑटो-मर्ज’ही लावा, यादीत एकमेकांवर चढणारे गट असले तर तो त्यांना जोडून घेतो, एरवी यादी चढताना त्रुटी येते. शिवाय तिसरा एक छोटा सेट करा, ‘माझे पत्ते’. घरचा किंवा ऑफिसचा स्थिर पत्ता, दुसरा सर्व्हर, देखरेख करणारी सेवा, हे सगळं त्यात. आयपीव्ही६ चे पत्ते असतील तर त्यांचा जोडीचा सेट.

हजारो गटांसाठी हजारो नियम लिहायचे नाहीत, हे आवर्जून सांगतो. नियम एकामागून एक तपासले जातात, त्यामुळे प्रत्येक पॅकेटला ती सगळी रांग पार करावी लागते. सेटमधला शोध तसा चालत नाही. यादी कितीही वाढली तरी त्यावरचा नियम एकच राहतो. जुन्या आयपीटेबल्सच्या सर्व्हरवर हेच काम आयपीसेट करतो. फक्त त्याची मूळ मर्यादा ६५,५३६ नोंदींची असते, अनेक देश एकत्र केले तर सेट करतानाच ती वाढवून घ्या.

आता चेन. ‘इनपुट’ टप्प्यावर, फिल्टरच्या नेहमीच्या प्राधान्याच्या थोडी आधी, मूळ धोरण ‘ॲक्सेप्ट’, म्हणजे कुठल्याच नियमाने न अडलेलं येऊ द्यायचं. नियमांचा क्रम असा:

१. ‘लो’ या आतल्या इंटरफेसवरून आलेलं सगळं येऊ द्या.

२. ‘एस्टॅब्लिश्ड’ (आधीच जुळलेल्या) आणि ‘रिलेटेड’ (त्यांच्याशी संबंधित) कनेक्शनांची पॅकेटं येऊ द्या. पोर्ट न लिहिता सरसकट देशाचा नियम लावला आणि ही ओळ नसेल, तर सर्व्हरने स्वतः बाहेर मागितलेल्या गोष्टींची उत्तरंही अडतील: अपडेट, वेळ जुळवणं, डीएनएस. चालू एसएसएच सत्र नव्या नियमातून सुटतं तेही याच ओळीमुळे.

३. ‘माझे पत्ते’ येऊ द्या, आणि खाजगी गटही: १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२, १९२.१६८.०.०/१६. हे पत्ते कुठल्याच देशाच्या यादीत नसतात. ‘फक्त अमुक देश’ असा नियम केला की तुमचं स्वतःचं आतलं नेटवर्क अडतं ते म्हणून.

४. आयसीएमपीव्ही६ (आयपीव्ही६ चे निरोप पोचवणारा प्रोटोकॉल) येऊ द्या. आयपीव्ही६ मध्ये शेजारचं मशीन शोधण्याचं कामही त्यातूनच होतं. ते अडलं की अख्खं आयपीव्ही६ बंद पडतं.

५. २२ नंबरच्या पोर्टवर, ज्याचा पत्ता परवानगीच्या देशांच्या सेटमध्ये नाही, ते मोजा.

६. ८० आणि ४४३ वर, ज्याचा पत्ता अडवायच्या देशांच्या सेटमध्ये आहे, ते मोजा.

पाचवा आणि सहावा नियम प्रत्येकी दोनदा लिहायचा आहे. ‘आयपी सोर्स ॲड्रेस’ असं लिहिलेला नियम फक्त आयपीव्ही४ च्या पॅकेटांना लागू होतो. आयपीव्ही६ ची पॅकेटं त्याला न शिवता निघून जातात. त्यांच्यासाठी ‘आयपी६’ने सुरू होणारी वेगळी ओळ हवी. देशाचा नियम मेहनतीने लावलेला आणि आयपीव्ही६ सताड उघडं, ही चूक अनेक सर्व्हरांवर सापडते, आणि बाहेरून तपासल्याशिवाय लक्षातही येत नाही.

फाइल तयार झाली की ती एनएफटीला (एनएफटेबल्सच्या आज्ञेला) ‘सी’ पर्यायासह द्या. तो लिहिण्यातल्या चुका दाखवतो पण काही लागू करत नाही. मग ‘एफ’ पर्यायाने चढवा. पूर्ण फाइल एका व्यवहारासारखी चढते. मध्येच एक ओळ चुकली तर अर्धेमुर्धे नियम लागत नाहीत, काहीच लागत नाही.

मोजा, मग अडवा

पाचव्या-सहाव्या नियमात ‘अडवा’ऐवजी ‘मोजा’ लिहिलं ते मुद्दाम. ‘काउंटर’ असलेला पण निकाल नसलेला नियम पॅकेट मोजतो आणि पुढे जाऊ देतो. सोबत ‘लॉग’ लावा, पण वेगळ्या ओळीत आणि मिनिटाला चार-पाच नोंदींची मर्यादा घालून, नाहीतर लॉगनेच डिस्क भरेल. असं किमान आठवडाभर चालू द्या. महिन्यातून एकदाच चालणारं काही काम तुमच्याकडे असेल तर ते होऊन जाईपर्यंत.

मग लॉगमधले पत्ते वेब सर्व्हरच्या लॉगशी ताडून बघा. अडवायच्या देशातून आलेल्यांपैकी कुणी यशस्वी लॉगिन केलंय का? ऑर्डर दिलीय का? पेमेंटच्या सूचना तिथूनच येतात का? या प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत ‘ड्रॉप’ (पॅकेट गुपचूप टाकून देणारा निकाल) लिहू नका. मिळाल्यावर मोजणीच्या ओळींच्या शेवटी ‘ड्रॉप’ जोडायचा, परतीचं काम पुन्हा लावायचं, चढवायचं, नव्या टर्मिनलमधून तपासायचं. यूडीपीवरची (आधी कनेक्शन न जुळवता पॅकेट पाठवायच्या पद्धतीवरची) कुठली सेवा चालवत असाल तर एक ध्यानात ठेवा: तिथे पाठवणाऱ्याचा पत्ता सहज खोटा लावता येतो, त्यामुळे मोजणीतला देशही खोटा असू शकतो.

‘ड्रॉप’ आणि ‘रिजेक्ट’ यांत मी इथे ड्रॉप निवडतो. रिजेक्ट समोरच्याला नकार कळवतो, म्हणजे प्रत्येक धडकेला आपला सर्व्हर उत्तर देत बसतो. एखाद्या खऱ्या माणसाला ‘तुमच्या देशात ही सेवा नाही’ असं सांगायचं असेल तर ते फायरवॉलला जमणार नाही. त्यासाठी वेब सर्व्हरवरून ४०३ हा ‘परवानगी नाही’चा कोड द्या, आणि कारण कायदेशीर असेल तर ४५१. हा कोड २०१६ साली त्याचसाठी प्रमाणित झाला.

सगळं पटलं की मगच मशीन पुन्हा सुरू झाल्यावर नियम आपोआप चढण्याची सोय करा. तोपर्यंत नियम कायमचे न करणं हीच एक जास्तीची परतीची वाट. डेबियनवरच्या एनएफटेबल्सच्या मूळ फाइलीत पहिलीच आज्ञा ‘फ्लश रूलसेट’ असते. ती सेवा नंतर कधी पुन्हा सुरू केली की डॉकरचे नियम पुसले जातात, म्हणून आपलं टेबल वेगळ्या फाइलीत आणि वेगळ्या सेवेतून चढवणं मला जास्त भरवशाचं वाटतं.

डॉकर आणि सीडीएन असेल तर

डॉकरने उघडलेलं पोर्ट ‘इनपुट’ टप्प्यावर येतच नाही. त्याचं पॅकेट आधीच कंटेनरच्या पत्त्याकडे वळवलं जातं आणि ‘फॉरवर्ड’मधून जातं. म्हणून इनपुटवर लिहिलेला देशाचा नियम कंटेनरमधल्या वेबसाइटला लागूच होत नाही. उपाय असा: आपली चेन ‘प्रीराउटिंग’ टप्प्यावर, उणे १५० या प्राधान्याने लावा. कनेक्शनची ओळख उणे २०० वर झालेली असते आणि पत्त्याची अदलाबदल उणे १०० वर व्हायची असते. आपण बरोबर त्यांच्या मध्ये बसतो.

साइटपुढे क्लाउडफ्लेअरसारखी सीडीएन, म्हणजे मध्ये उभी राहून पाहुण्यांचं ट्रॅफिक झेलणारी सेवा, असेल तर तुमच्या सर्व्हरला पाहुण्याचा पत्ता दिसतच नाही, त्या सेवेचा दिसतो. अशा वेळी देशाचा नियम तिथेच, त्या सेवेच्या पॅनेलमध्ये लिहायचा. तिथे टोर या ओळख लपवणाऱ्या नेटवर्कवरून आलेल्यांसाठी ‘टी१’ आणि देश न कळलेल्यांसाठी ‘एक्सएक्स’ असे खास कोडही मिळतात. तुमच्या फायरवॉलवर ८० आणि ४४३ हे पोर्ट फक्त त्या सेवेच्या जाहीर पत्त्यांना उघडे ठेवा, नाहीतर मूळ पत्ता शोधून कुणीही तिला वळसा घालेल.

पीएफसेन्स आणि ओपीएनसेन्स या फायरवॉलच्या तयार प्रणाली वापरत असाल, तर पहिल्यावर पीएफब्लॉकर-एनजी आणि दुसऱ्यावर जिओआयपी एलियास हेच सगळं पडद्यावरून करून देतात. घरच्या किंवा ऑफिसच्या राउटरवर मात्र आधी बघा की बाहेरून आत एखादं पोर्ट उघडलंय का. उघडलं नसेल तर बाहेरून सुरू होणारं सगळंच आधीपासून बंद असतं, आणि देशांची भली मोठी यादी चढवून नुसती मेमरी खर्ची पडते.

प्रमाणपत्र आणि यादीची निगा

लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं एचटीटीपीएससाठीचं फुकट प्रमाणपत्र ८० नंबरच्या पोर्टवरून पडताळून घेत असाल तर सावध. २०२० पासून ही संस्था एकाच वेळी अनेक ठिकाणांहून पडताळणी करते आणि ती कुठल्या पत्त्यांवरून होते ते जाहीर करत नाही. देश अडवला आणि त्यांचं एखादं ठिकाण नेमकं तिथेच असलं तर नूतनीकरण फसू शकतं. तेही नियम लावल्यावर लगेच नाही, काही आठवड्यांनी, जेव्हा फायरवॉलचा संशयही कुणाला येत नाही. डीएनएसमधून पडताळणी करायची पद्धत घ्या, म्हणजे वेबच्या पोर्टांचा संबंधच उरत नाही.

यादी आठवड्यातून एकदा बदलली तरी पुरते. स्क्रिप्टने नवी फाइल आणायची, ‘सेट रिकामा करा’ आणि ‘हे गट भरा’ अशा दोन्ही गोष्टी एकाच फाइलीत लिहून एकदाच चढवायच्या, म्हणजे मधला एक क्षणही सेट रिकामा राहत नाही. चढवण्याआधी ओळी मोजा. नवी फाइल रिकामी असेल किंवा जुनीपेक्षा फार लहान असेल तर चढवू नका, स्वतःला मेल पाठवा. परवानगीच्या देशांचा सेट रिकामा झाला तर ‘यात नसलेल्या सगळ्यांना अडवा’ या नियमाचा अर्थ ‘सगळ्यांना अडवा’ असा होतो.

आणि कधीतरी ‘माझ्याकडे साइट उघडत नाही’ असं कुणीतरी कळवेलच. त्यांच्याकडून त्यांचा सार्वजनिक पत्ता मागवा, तो सेटमध्ये आहे का ते ‘गेट एलिमेंट’ने तपासा. एनएफटी तो पत्ता कुठल्या गटात बसतो तेही दाखवतं. असेल तर देश उघडू नका. तेवढा पत्ता ‘माझे पत्ते’मध्ये घाला, आणि त्या नोंदीच्या ‘कॉमेंट’मध्ये कुणासाठी आणि कुठल्या तारखेला ते लिहा. पत्ते बदलत राहतात. सहा महिन्यांनी ती यादी चाळताना कुठली नोंद काढायची हे त्या तारखेवरूनच ठरवता येईल.